आतल्या कानाचा सीटी आणि एमआरआय: कुठला, कधी, आणि फोटोत नेमकं काय बघायचं

ऐकू कमी येतंय, गरगरतंय, एका कानात दिवसरात्र आवाज येतोय, यातली कुठलीही तक्रार घेऊन ईएनटीकडे गेलं की कधी ना कधी "एक स्कॅन करून घ्या" असं सांगतात आणि तिथून पुढे लोकांचा खरा गोंधळ सुरू होतो. सीटी की एमआरआय, इंजेक्शनचा की बिनइंजेक्शनचा, लहान मुलाला झोपवायचं कसं, आणि रिपोर्ट हातात आला की त्यातला एक शब्द कळत नाही. मी रेडिओलॉजीत आहे, कानाचे स्कॅन माझ्या रोजच्या कामातले, त्यामुळे आईवडिलांना, पेशंटना आणि नव्याने आलेल्या टेक्निशियन-रेसिडेंट मुलांना जे पुन्हापुन्हा सांगते ते इथे एकत्र लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, कानाचा स्कॅन एका ठराविक प्रश्नाचं उत्तर शोधायला करतात, तो प्रश्न फॉर्मवर लिहिलेला नसेल तर कितीही महागाच्या मशीनवर करा, बऱ्याचदा चुकीच्या जागेचे चांगले फोटो मिळतात.

आधी जागा समजून घ्या

आतला कान टेम्पोरल बोनच्या म्हणजे कानशिलाच्या हाडाच्या आत बसलेला असतो, आणि त्याच्या भोवतीचं हाड शरीरातल्या सगळ्यात कडक हाडांपैकी एक. त्यात कॉक्लिया म्हणजे ऐकण्याचा भाग, साधारण वाटाण्याएवढा, अडीच-पावणेतीन वेढ्यांचा. त्याच्या मागे व्हेस्टिब्यूल आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिका, तोल सांभाळायला. या सगळ्यात पाणी भरलेलं असतं, दोन प्रकारचं, एंडोलिम्फ आणि पेरिलिम्फ. इथून नसा निघून इंटर्नल ऑडिटरी कॅनाल नावाच्या हाडाच्या बोगद्यातून मेंदूकडे जातात.

एवढं कळलं की सीटी-एमआरआयचा निम्मा घोळ सुटतो. हाड बघायचं तर सीटी. पाणी आणि नस बघायची तर एमआरआय. सीटीत पाणी आणि नस वेगळी दिसत नाही, एमआरआयत हाडाचा बारीक तपशील दिसत नाही. म्हणून "एमआरआय जास्त भारी आहे ना, मग तोच करू" हे इथे चालत नाही.

पायरी १: स्कॅनच्या आधीच्या तपासण्या

ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय स्कॅन करू नका. लहान बाळ असेल तर ओएई आणि बेरा, म्हणजे बाळाने काही सांगायची गरज नसलेल्या ऐकण्याच्या तपासण्या. कुठल्या कानाला किती कमी ऐकू येतं, अडचण बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, हे कळल्याशिवाय स्कॅन वाचणाऱ्याने शोधायचं तरी काय? ऑडिओग्रामची झेरॉक्स स्कॅनला जाताना सोबत न्या, मागितली नाही तरी द्या.

काही वेळा स्कॅन लागतच नाही. कुशीवर वळलं, वर बघितलं की काही सेकंद सगळं गरगरतं आणि थांबतं, ऐकण्याची काही तक्रार नाही, हे बहुतेक वेळा बीपीपीव्ही असतं. त्यात कानातले कॅल्शियमचे बारीक कण सरकून नलिकेत गेलेले असतात. डॉक्टर डिक्स-हॉलपाइक टेस्ट करून टेबलावरच ओळखतात आणि एपली मॅन्युव्हरने बऱ्याच जणांना तिथल्या तिथे बरं वाटतं. हे कण नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, तरी लोक आधी हजारो रुपये घालून मेंदूचा एमआरआय करून येतात आणि "सगळं नॉर्मल आलं तरी चक्कर का येते" म्हणून घाबरलेले असतात.

उलट दोन गोष्टींत अजिबात वेळ घालवायचा नाही. एका कानाचं ऐकणं अचानक, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत गेलं तर ती इमर्जन्सी आहे. त्याच दिवशी ईएनटी गाठा, ऑडिओमेट्री करा आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे स्टेरॉइड सुरू करा. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, दोन आठवडे उलटले की फायदा कमी होत जातो. एमआरआय लागतो पण तो नंतर झाला तरी चालतो, त्याच्या अपॉइंटमेंटसाठी औषध थांबवायचं नाही आणि साध्या सीटीचा यात सहसा उपयोग नसतो.

दुसरं म्हणजे चक्कर येतेय आणि त्यासोबत बोलणं अडखळतंय, दोन-दोन दिसतंय, हातपाय लुळे पडताहेत किंवा उभंच राहता येत नाहीये, तर कान विसरा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा, तो स्ट्रोक असू शकतो. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक सीटीत दिसत नाही आणि पहिल्या २४ ते ४८ तासांत एमआरआयतही सुटू शकतो, म्हणून पहिला स्कॅन नॉर्मल आला एवढ्यावर डिस्चार्ज मागू नका.

पायरी २: कुठल्या तक्रारीला कुठला स्कॅन

एका कानाला दुसऱ्यापेक्षा कमी ऐकू येतं, किंवा फक्त एकाच कानात सतत आवाज, तर एमआरआय. इथे शोधायचा असतो व्हेस्टिब्युलर श्वानोमा, तोलाच्या नसेवर वाढणारी गाठ. ही कॅन्सरची नसते, बहुतेक वेळा खूप हळू वाढते, आणि छोटी असेल तर बऱ्याच जणांना ऑपरेशन न करता ठराविक काळाने एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवतात.

आपलाच आवाज कानात घुमतो, डोळे फिरवले तरी त्याचा आवाज ऐकू येतो, मोठ्या आवाजाने किंवा शिंकल्यावर जग हलतं, अशी विचित्र तक्रार असेल तर सीटी. अशा पेशंटना आधी वर्षानुवर्षं मानसिक त्रास आहे असं सांगितलं जायचं. १९९८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड पातळ होऊन उघडं पडलेलं असतं, सुपीरियर कॅनाल डिहिसन्स. तेव्हा पेशंट असं काही सांगत असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे फॉर्मवर लिहा, रेडिओलॉजिस्ट लगेच नेमक्या जागी बघेल.

तरुण वयात हळूहळू ऐकू कमी होत चाललंय, घरात आणखी कोणाला तसं आहे, ऑटोस्क्लेरोसिसची (कानातलं हाड बिघडून घट्ट होण्याची) शंका, तर सीटी. डोक्याला मार लागून टेम्पोरल बोन फ्रॅक्चर, तेव्हाही सीटी.

जन्मापासून ऐकू न येणारं बाळ आणि कॉक्लियर इम्प्लांटचा (कॉक्लियात तार बसवून ऐकवणाऱ्या यंत्राचा) विचार असेल तर सहसा दोन्ही लागतात. सीटी सर्जनला रस्ता दाखवतो, म्हणजे मॅस्टॉइड (कानामागचं हाड) कसं आहे, चेहऱ्याची नस कुठून जाते, कॉक्लियाचा आकार कसा आहे. आणि एमआरआय सांगतो की कॉक्लियात पाणी आहे का आणि ऐकण्याची नस आहे का. नसच नसेल तर इम्प्लांटचा सिग्नल मेंदूपर्यंत जाणार कसा, त्यामुळे नस बारीक किंवा गायब असेल तर आईवडिलांशी वेगळं बोलावं लागतं, काही मुलांसाठी ब्रेनस्टेम इम्प्लांटचा (सिग्नल थेट मेंदूच्या बुंध्याला देणाऱ्या) विचार होतो.

आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. मेनिंजायटिस झालेल्या मुलाचं ऐकणं गेलं तर कॉक्लियाच्या आत आधी तंतू आणि मग चक्क हाड तयार व्हायला लागतं, काही मुलांत हे काही आठवड्यांत सुरू होतं. एकदा आत हाड भरलं की इम्प्लांटची तार सरकवणं फार अवघड होतं. सुरुवातीचा बदल एमआरआयत दिसतो, पाण्याचा पांढरा सिग्नल कमी होतो, सीटी तेव्हा अजून नॉर्मल असू शकतो. म्हणून हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या आधी किंवा लगेच नंतर बेरा करून घ्या, ऐकणं गेलेलं दिसलं तर एमआरआय करण्यात महिने घालवू नका. मूल वाचलं याच्या आनंदात आणि थकव्यात कानाकडे बघायचं राहून जातं, आणि सहा महिन्यांनी ते आमच्याकडे येतं तेव्हा कॉक्लिया बंद झालेला असतो. फार वाईट वाटतं अशा वेळी.

पायरी ३: फॉर्मवर काय हवं आणि सेंटरला काय विचारायचं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कागदावर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलेलं असतं, सेंटर मेंदूचा नेहमीचा स्कॅन करतं, त्यात एकेक काप साधारण ५ मिलिमीटरचा, म्हणजे अख्खा आतला कान दोन-तीन कापांत संपला आणि नस कापांच्या मधे हरवली. मग तेच दोन वर्षांचं बाळ पुन्हा उपाशी ठेवा, पुन्हा भूल द्या. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी ओळखीचं स्कॅनला निघालं की आधी कागदाचा फोटो मागवते.

सीटीसाठी लिहिलेलं हवं: एचआरसीटी टेम्पोरल बोन, दोन्ही बाजू, बोन विंडो. काप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवेत, ०.६ पर्यंत ठीक, १ मिलिमीटरचे असतील तर बारीक गोष्टी सुटतात. एमआरआयसाठी: इनर इअर आणि आयएएम (म्हणजे तोच इंटर्नल ऑडिटरी कॅनाल), थ्रीडी हेवी टीटू सीक्वेन्स, ऑब्लिक सॅजिटल (तिरक्या उभ्या कापांच्या) इमेजेससह. या सीक्वेन्सला सीमेन्सच्या मशीनवर सिस, जीईवर फिएस्टा, फिलिप्सवर ड्राइव्ह म्हणतात, काम तेच, पाणी पांढरं आणि त्यात नस काळी दिसते. गाठ किंवा इन्फेक्शनची शंका असेल तर सोबत गॅडोलिनियमचं (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन, त्यासाठी आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्यायला सांगू शकतात. गर्भवती असाल तर कुठलाही स्कॅन ठरवायच्या आधी सांगा.

सेंटरला फोनवर विचारा की कानाचा स्कॅन नेहमी करता का, मशीन दीड टेस्ला की तीन (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद; दोन्ही चालतात, बारीक नसेसाठी तीन जरा बरं), आणि मुलाला झोपवायला भूलतज्ञ स्वतः हजर असतील का. शेवटच्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं सेंटर बघा.

पायरी ४: तयारी, खास करून लहान मुलाची

सीटी काही सेकंदांचा असतो, बाळ दमून झोपलं की बरेचदा भूलीशिवाय होतो. एमआरआयला अर्धा-पाऊण तास जातो आणि जरा हललं की नस पुसट होते, म्हणून बहुतेक मुलांना झोपवावं लागतं. उपाशी ठेवायचा नेहमीचा नियम असा: साधं पाणी २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, बाहेरचं दूध किंवा हलकं खाणं ६ तास. पण तुमचे भूलतज्ञ जे सांगतील तेच पाळा. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि गाडीत झोपू देऊ नका. सर्दी-खोकला, ताप असेल तर आधीच फोन करा, तारीख पुढे ढकलणं परवडतं.

एमआरआयच्या खोलीत धातू नको हे सगळ्यांना माहीत असतं तरी दारात हमखास काही ना काही निघतं: कमरेचा करदोटा, त्यात ओवलेली पितळेची घुंगरी, पायातले वाळे, झबल्याची सेफ्टी पिन, आईच्या पदराला लावलेली पिन. घरीच काढून या. श्रवणयंत्र बाहेर ठेवायचं, चुंबकाजवळ गेलं तर बिघडतं. मुलासोबत आत जाणाऱ्यालाही हेच नियम, आणि पेसमेकर किंवा अंगात कुठलाही धातूचा इम्प्लांट असेल तर आधी सांगा.

आणि एक कळकळीचं सांगणं, कर्णबधिर मुलालाही एमआरआयच्या आवाजापासून कानाचं संरक्षण हवं. "त्याला कुठे ऐकू येतंय" म्हणून इअरमफ न लावणारे मी बघितलेत. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि या मुलांचं जे थोडंफार ऐकणं शिल्लक असतं तेच पुढे लाखमोलाचं असतं. तुम्ही स्वतः मागून घ्या.

पायरी ५: सीडी उघडून बघताना

हा भाग नवीन रेसिडेंटसाठी, पण ज्या आईवडिलांना समजून घ्यायचंय त्यांनीही वाचावा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कोणालाही पाठवू नका, त्यातून कानाचं काही कळत नाही. सीडी किंवा लिंकमधला अख्खा डायकॉम फोल्डर (स्कॅनच्या मूळ फाईल्स) कॉम्प्युटरवर घ्या आणि रेडिअंट, होरोस किंवा थ्रीडी स्लायसर अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सगळ्यात पातळ कापांची बोन सिरीज निवडा, विंडो साधारण ४००० आणि लेव्हल ७०० ठेवा, आणि एमपीआर (हव्या त्या दिशेने काप पाडायची सोय) चालू करून डोकं सरळ करून घ्या म्हणजे दोन्ही कान एका पातळीत येतील. तिरकं डोकं ठेवून उजवा-डावा ताडून बघू नका, फसाल.

मग वरून खाली या, रोज त्याच क्रमाने. आधी वरची नलिका, तिच्यावर हाडाचं झाकण आहे का. इथे नुसत्या नेहमीच्या आडव्या कापांवर विसंबायचं नाही, नलिकेच्या पातळीत आणि तिला काटकोनात असे दोन्ही काप करून बघा. झाकण अगदी पातळ असेल तर सीटीत ते नसल्यासारखंच दिसतं, त्यामुळे फक्त फोटोवरून डिहिसन्सचं निदान लिहू नये, तक्रारी आणि व्हेम्प टेस्ट (आतल्या कानातल्या तोलाच्या भागाची तपासणी) जुळली पाहिजे. मग बाजूची नलिका, तिच्या मधलं हाडाचं बेट, व्हेस्टिब्यूल.

व्हेस्टिब्यूलच्या मागे हाडातली एक बारीक नळी, म्हणजे व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्वेडक्ट असतो, आणि मुलांच्या स्कॅनमध्ये ही जागा हमखास सुटते. १९७८ मध्ये वाल्वासोरी आणि क्लेमिस यांनी मोठ्या झालेल्या अ‍ॅक्वेडक्टचं वर्णन केलं, तेव्हा मध्यावर दीड मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर मोठा अशी मर्यादा धरली होती, आता अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या निकषांनी मध्यावर १ मिलिमीटर किंवा तोंडाशी २ मिलिमीटर असला तरी मोठा धरतात. घाईत असाल तर शेजारची मागची अर्धवर्तुळाकार नलिका बघा, अ‍ॅक्वेडक्ट तिच्यापेक्षा रुंद दिसतोय तर थांबून मोजा. हे एवढं महत्त्वाचं का, तर या मुलांचं ऐकणं डोक्याला साधा टोला लागला तरी पायरीपायरीने उतरतं. निदान झालं की आईवडिलांना सांगता येतं की सायकलवर हेल्मेट हवंच, कबड्डी-कुस्ती नको, आणि दहीहंडीच्या थरावर तर अजिबात चढवू नका. यात बऱ्याच मुलांना एसएलसी२६ए४ जीनमधला दोष असतो, पेंड्रेड सिंड्रोम असेल तर थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं, आणि भावंडांचं ऐकणं तपासायला हवं.

आता कॉक्लिया. वेढे मोजा, मधला दांडा म्हणजे मोडायलस दिसतोय का बघा, कॉक्लियाच्या तळाशी नसेचं छिद्र किती आहे ते मोजा. ते दीड मिलिमीटरपेक्षा कमी किंवा इंटर्नल ऑडिटरी कॅनाल २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर नस बारीक किंवा नसण्याची शंका घ्या आणि एमआरआयशिवाय पुढे जाऊ नका. पण छिद्र नीट आहे म्हणजे नस आहेच असं नाही, तेव्हा इम्प्लांटच्या आधी एमआरआय कुणी टाळायला सांगत असेल तर ऐकू नका.

एमआरआयत ऑब्लिक सॅजिटल कापात कॅनालच्या काळोखी हाडात पांढरं पाणी आणि त्यात चार काळे ठिपके दिसले पाहिजेत. पुढे वर चेहऱ्याची नस, पुढे खाली ऐकण्याची, मागे वरखाली तोलाच्या दोन. ऐकण्याची नस सहसा चेहऱ्याच्या नसेएवढी किंवा तिच्यापेक्षा जाड असते, ती बारीक दिसली तर दुसऱ्या बाजूशी ताडा आणि रिपोर्टात स्पष्ट लिहा. "आठवी नस नॉर्मल" एवढं लिहून मोकळं होऊ नका, कारण आठव्या नसेत तोलाच्या फांद्याही येतात आणि सर्जनला हवी असते फक्त ऐकण्याची.

पायरी ६: रिपोर्टातले घाबरवणारे शब्द

मिशेल अप्लेसिया म्हणजे आतला कान तयारच झालेला नाही. कॉमन कॅव्हिटी म्हणजे कॉक्लिया आणि व्हेस्टिब्यूल मिळून एकच पोकळी. मोंडिनी हे नाव १७९१ मध्ये बोलोन्याच्या कार्लो मोंडिनी यांनी एका कर्णबधिर मुलाच्या कानाचं वर्णन केलं त्यावरून आलं, पण रिपोर्टात ते अजूनही कुठल्याही बिघडलेल्या कॉक्लियाला चिकटवलं जातं. २००२ पासून सेन्नारोग्लू आणि साची यांचं वर्गीकरण वापरतात, त्यात इन्कम्प्लीट पार्टिशनचे (कॉक्लियाच्या आतल्या भिंती अर्धवट राहण्याचे) प्रकार आहेत. प्रकार २ म्हणजे खरा मोंडिनी, यात इम्प्लांट सहसा छान चालतो. प्रकार ३ आईकडून मुलग्याकडे एक्स क्रोमोसोमने येतो, आणि यात ऑपरेशनवेळी मेंदूभोवतीचं पाणी जोरात बाहेर येतं, त्यामुळे सर्जनला आधी कळलंच पाहिजे. रिपोर्टात नुसतं "मोंडिनी" असेल तर कुठला प्रकार हे रेडिओलॉजिस्टला नक्की विचारा, विचारण्यात काही संकोच नको.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुसंख्य मुलांचा स्कॅन नॉर्मलच असतो. दोष केसपेशींच्या (कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या पेशींच्या) पातळीवर असतो, तो कुठल्याही स्कॅनला दिसत नाही. इम्प्लांटसाठी ही चांगली बातमी आहे, पण नॉर्मल स्कॅन बघून "म्हणजे मूल पुढे बोलेल आपोआप" असं म्हणत थांबणारी कुटुंबं भेटतात. बेरा काय म्हणतो ते धरा. केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून इम्प्लांटसाठी अर्ज करायचा असेल तर वयाची अट असते, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याची नोडल एजन्सी आहे, तिथे लवकर नाव घाला.

मेनियरचा आजार असेल तर वेगळा हिशोब

तासन्‌तास चक्कर, कान भरल्यासारखा, आवाज, आणि ऐकणं कमीजास्त होणं. प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये सांगितलं की ही चक्कर कानातून येते. त्यात एंडोलिम्फची पोकळी फुगते (हायड्रॉप्स), पण जिवंत माणसात ती बघायला २००७ पर्यंत थांबावं लागलं, जपानमध्ये नागोयाच्या नाकाशिमांच्या टीमने कानाच्या पडद्याआड गॅडोलिनियम सोडून दुसऱ्या दिवशी एमआरआय केला. आता हे शिरेतल्या इंजेक्शनने होतं: इंजेक्शन द्या, ४ तास थांबा, मग तीन टेस्लावर थ्रीडी फ्लेअर नावाचा सीक्वेन्स. औषध पेरिलिम्फमध्ये उतरतं आणि तो उजळतो, एंडोलिम्फ काळा राहतो, म्हणजे फुगलेला भाग सरळ दिसतो. इंजेक्शन देऊन लगेच केलेल्या नेहमीच्या एमआरआयत हे दिसणार नाही, त्यामुळे बुकिंग करताना "डिलेड हायड्रॉप्स प्रोटोकॉल" असा शब्द वापरा, सेंटरला तो येतो का विचारा, आणि मधल्या ४ तासांची सोय करून जा, सोबत कोणीतरी असू द्या. निदान अजूनही तक्रारी आणि ऑडिओमेट्रीवरच होतं. हा स्कॅन शंका असेल तेव्हा किंवा ऑपरेशन-इंजेक्शनचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा करावा, प्रत्येक पेशंटला नको.

स्कॅननंतर

रिपोर्टचा कागद जपतात आणि सीडी हरवते, खरं तर उलटं हवं. डायकॉम फोल्डर पेनड्राइव्हवर आणि एखाद्या क्लाउडवर ठेवा, फाईलच्या नावात तारीख आणि कुठला स्कॅन ते लिहा, म्हणजे दुसरं मत घेताना पुन्हा स्कॅन करावा लागणार नाही. लहान मुलाचा सीटी तर विनाकारण दुसऱ्यांदा करायचाच नाही, रेडिएशन असतं. आतला कान जन्मतःच मोठ्या माणसाएवढा असतो, नीट केलेला एकच सीटी पुढे वर्षानुवर्षं चालतो.

इम्प्लांट झाल्यावर मुलाच्या डोक्यात चुंबक असतं. नवीन मॉडेल्सवर एमआरआय करता येतो, जुन्यांवर बंधनं जास्त, आणि कुठल्या टेस्लापर्यंत, पट्टी बांधून की चुंबक काढून, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. शिवाय त्या बाजूचा फोटो चुंबकामुळे काळा पडतो. म्हणून कंपनीने दिलेलं इम्प्लांट कार्ड पाकिटात, शाळेच्या डायरीत आणि आईवडिलांच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा, आणि पुढे कधीही, अगदी गुडघ्याचा एमआरआय सांगितला तरी, बुकिंगच्या वेळीच ते दाखवा.